पेठेतल्या वाचनालयाची नवी साइट : केस स्टडीचा मसुदा तपासून हवाय

तुळशीबागवाली

मंडळी, मदत हवी आहे. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाची साइट आम्ही काही जणांनी मिळून नव्याने बांधली. आधीची ड्रुपल ७ वर होती (ड्रुपल म्हणजे साइट बांधायची आणि चालवायची मुक्तस्रोत प्रणाली). ५ जानेवारी २०२५ ला ड्रुपल ७ चा सपोर्ट संपला, सुरक्षेचे पॅच यायचे बंद झाले, तेव्हा कुठे कार्यकारिणी हलली. आता साइट ड्रुपल ११ वर आहे. मोबाइलवर नीट उघडते, पुस्तकांची यादी शोधता येते, वर्गणी घरबसल्या भरता येते.

या कामाची केस स्टडी ड्रुपल डॉट ऑर्गवर टाकायची आहे, आणि पुण्यातल्या ड्रुपलवाल्यांच्या पुढच्या भेटीत मांडायचीही आहे. वाचनालयाच्या लोकांना आधी वाचायला द्यायचा म्हणून मसुदा मराठीत लिहिलाय, इंग्रजी त्यावरूनच करीन. सुरुवात अशी आहे :

"पुण्याच्या समृद्ध सांस्कृतिक परंपरेत मानाचे स्थान असलेल्या या वाचनालयाने डिजिटल युगात दमदार पाऊल टाकले आहे. अत्याधुनिक तंत्रज्ञान, आकर्षक मांडणी आणि सुलभ रचना यांचा सुरेख संगम साधत तयार करण्यात आलेल्या या संकेतस्थळाला सभासदांचा उदंड प्रतिसाद लाभत आहे."

पुढे संस्थेची ओळख, जुन्या साइटच्या अडचणी, ड्रुपलच का, वापरलेली मॉड्यूल (ड्रुपलला जोडायचे तयार भाग) आणि निष्पत्ती. पूर्ण मसुद्याची लिंक विपूत (माझ्या विचारपूशीत) मागा, देते. झोडपायला हरकत नाही, फक्त कारण सांगून झोडपा.

पेठेतला_सभासद

मी याच वाचनालयाचा सभासद असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून नाव विचारत नाही.

"उदंड प्रतिसाद" वाचून हसलो. परवा काउंटरवर एक गृहस्थ तावातावाने विचारत होते की ते आधीचं पान कुठे गेलं, त्यात वेळापत्रक सगळ्यात वर दिसायचं. हाही प्रतिसादच म्हणायचा.

बाई, मला त्या साइटचं काय कौतुक वाटलं ते सांगतो. पूर्वी एखादं पुस्तक आहे का हे विचारायला फोन करावा लागायचा. पलीकडून "थांबा हं" म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवायचे आणि कपाटाकडे जायचे. तेवढ्यात दुसरा सभासद आला की तुमचा फोन तसाच लोंबकळत. आता घरी बसून दिसतं, पुस्तक जागेवर आहे की बाहेर. माझ्यासारख्या गुडघेवाल्याला दोन जिने चढून हात हलवत परत यावं लागत नाही. हे तुमच्या मसुद्यात पहिल्या ओळीत पाहिजे होतं. मला तर ते कुठेच सापडलं नाही.

नोड_शून्य

काकांशी सहमत. आणि आणखी एक, केस स्टडी वाचणार कोण हे ठरवून घे. ड्रुपल डॉट ऑर्गवर येणारा माणूस ड्रुपल कोळून प्यायलेला असतो. मोबाइलवर नीट दिसते हे त्याला सांगणं म्हणजे नव्या घराला दारं आहेत असं सांगणं. तिथल्या अर्जात विचारतात ते सरळ असतं : ड्रुपल का निवडलंत, उद्दिष्ट काय होतं, निघालं काय, कोणती मॉड्यूल घेतलीत आणि तीच का. या "का"ला तुझ्या मसुद्यात उत्तर नाही. "ड्रुपल हे सुरक्षित, लवचीक आणि मुक्तस्रोत असल्यामुळे" हे वाक्य कुठल्याही केस स्टडीत उचलून ठेवलं तरी खपेल, म्हणून ते काढ.

संपूर्ण मसुद्यात मला अडवलं ते एकाच वाक्याने, आणि ते पार सातव्या परिच्छेदात पुरलंय : "जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करण्यात आला." अगं, केस स्टडी ही आहे! बाकीचं सगळं तिचं नेपथ्य. जगभरात ड्रुपल ७ वरून स्थलांतर केलेले शेकड्याने सापडतील. देवनागरी ग्लिफ-फाँटमधली ग्रंथसूची बाहेर काढलेले किती?

तुळशीबागवाली

मला वाटलं ते फार कंटाळवाणं होईल. पण विचारताय तर सांगते.

पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये होती, युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या, आधीच्या फाँटात टाइप केलेली. अशा फाँटात फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, वर मराठी आकारांचा मुखवटा. फाँट काढला की चिखल. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, रफार अक्षराच्या नंतर, कारण कागदावर ते तसंच दिसतं. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा र आधी. म्हणजे नुसता तक्ता लावून अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. इथपर्यंतची साधनं तयार मिळतात, त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

घोळ पुढे झाला. वाचनालयात इंग्रजी पुस्तकंही आहेत. त्यांची नावं त्याच रकान्यात, फक्त त्या खान्याचा फाँट एरियल. आपल्या डोळ्यांना लगेच कळतं की हे मराठी आणि हे इंग्रजी. पण स्थलांतरासाठी फाइल सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) करून घेतली की फाँटची माहिती गळते. उरतात नुसती रोमन अक्षरं, आणि त्यातली खरी इंग्रजी कोणती आणि मुखवटा उतरलेली मराठी कोणती हे यंत्राला कळायला मार्ग नाही. रूपांतर चालवलं की इंग्रजी पुस्तकांची नावं अगम्य देवनागरी होऊन बसतात. काही खान्यांत तर दोन्ही शेजारी : आधी मराठी नाव, मग कंसात इंग्रजी.

म्हणून सीएसव्हीचा नाद सोडला. थेट एक्सेल फाइल वाचली, प्रत्येक खान्याचा, आणि मिश्र खान्यात प्रत्येक तुकड्याचा फाँट कोणता ते बघितलं, आणि जुना फाँट असेल तेवढाच तुकडा रूपांतराला दिला. मग ती माहिती ड्रुपलच्या मायग्रेटमधून, म्हणजे बाहेरची माहिती आणायच्या मॉड्यूलमधून, आत. जिथे कोणीतरी पूर्वी "सगळं निवडून फाँट बदला" केलं होतं, त्या ओळी वेगळ्या काढून वाचनालयातल्या दोन निवृत्त शिक्षिकांनी पुस्तक हातात घेऊन तपासल्या.

खिळेजुळारी

हे वाचून मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, आणि ऑफिसातले लोक बघायला लागले. डीटीपीत आयुष्य गेलं माझं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या किती प्रकाशकांच्या फायली अशा अडकून पडल्या आहेत ते मला विचारा. फाँटवरून तुकडा ओळखायची ही युक्ती त्या सगळ्यांच्या कामाची. याच्यावर एक परिच्छेद नाही, अख्खा विभाग हवा. एक नमुना ओळ घ्या, जुनी कशी होती, चुकीच्या रूपांतरात कशी झाली, बरोबर कशी झाली, तिन्ही एकाखाली एक. शब्दांत समजावत बसण्यापेक्षा ते चित्र बोलेल.

"आधी आणि नंतर"च्या चित्रांबद्दल : तुम्ही दोन्ही मुखपृष्ठं शेजारी लावलीत. त्यातून रंग बदललाय एवढंच कळतं.

आणि मसुद्यात एक गोष्ट राहिलीय. साइटवर ल आणि श मराठी वळणाचे दिसतायत, पाकळीचा ल आणि देठाचा श. शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच वळणं आहेत. बऱ्याच साइटवर हिंदी वळण येतं आणि कुणाला पत्ताही नसतो. तुम्ही केलंत कसं?

तुळशीबागवाली

नोटो सान्स देवनागरी वापरलाय, त्यात दोन्ही वळणं आहेत. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा "एमआर" अशी जाहीर केली की फाँट आपणहून मराठी वळण काढतो. भाषा जाहीर नसेल किंवा हिंदी असेल तर हिंदी. ड्रुपलमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की हे बसतं. जुन्या साइटवर भाषा इंग्रजी होती आणि आत मराठी.

खिळेजुळारी

मग हे लिहा ना! एका ओळीचं काम, पण वाचणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जण जाऊन आपली साइट तपासतील. मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही त्याच खुणेवरून कळतं की मराठी आवाज लावायचा. ओळींमधलं अंतर वाढवलंय तेही नमूद करा, रोमनच्या हिशोबाने अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

ह्रस्वदीर्घ

मजकुराबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी.

१. "तयार करण्यात आले", "रूपांतरित करण्यात आला", "भर देण्यात आला". कोणी? भुताने? वरच्या प्रतिसादात "सीएसव्हीचा नाद सोडला" असं लिहिणारी बाई मसुद्यात शासकीय परिपत्रक का होते?

२. "सुरेख संगम". संगम पुण्यात एकच, मुळा-मुठेचा, आणि तोही हल्ली सुरेख राहिलेला नाही.

३. "वापरकर्ता-केंद्रित दृष्टिकोन स्वीकारत" हे इंग्रजी करताना तुला पुन्हा इंग्रजीत न्यायचंच आहे, मग मराठीत कशाला त्रास देतेस.

मी तुझ्या जागी असते तर वरचे दोन प्रतिसाद उचलून जसेच्या तसे मसुद्यात टाकले असते आणि पहिले तीन परिच्छेद उडवले असते.

कर्वेरस्ता

मी मार्केटिंगमधला, त्यामुळे शिव्या खायला तयार राहून बोलतो. कौतुक उडवा, पण आकडे ठेवा, आणि नीट ठेवा. "साइट कित्येक पटीने वेगवान झाली" याला काही अर्थ नाही. गूगलच्या वेब व्हायटल्सचे निकष सगळ्यांना माहीत आहेत : पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत, मांडणीची हालचाल ०.१ च्या खाली, आणि हे शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत. आधी कुठे होतात, आता कुठे आहात, कोणत्या पानावर, मोबाइलवर की डेस्कटॉपवर, तेवढं लिहा. एक सावधगिरी : प्रतिसादाचं माप मार्च २०२४ मध्ये बदललं, एफआयडी (फक्त पहिल्या क्लिकचा उशीर) गेलं, आयएनपी (भेटीतल्या सगळ्या क्लिकांचा प्रतिसाद) आलं. त्याआधीचा जुन्या साइटचा अहवाल असेल तर ती तुलना लावू नका, कोणीतरी पकडेल.

शिवाय वाचनालयाची साइट छोटी, गूगलकडे खऱ्या भेटींची माहिती पुरेशी नसेलच. मग लाइटहाउसचे, म्हणजे गूगलच्याच तपासणी-साधनाचे, आकडे द्या, पण "हे प्रयोगशाळेतले आहेत" असं स्पष्ट म्हणा.

भेटींच्या संख्येबद्दल तर मसुद्यात गंमतच आहे. साइट दिवाळीच्या तोंडावर सुरू केलीत आणि तुलना केलीत उन्हाळ्याशी. दिवाळी अंक योजना सुरू झाली की वाचनालयाच्या साइटवर गर्दी होणारच! त्यात ड्रुपलचं काय श्रेय? दिवाळीशी दिवाळी लावा, नाहीतर तो तक्ता काढून टाका.

पेठेतला_सभासद

दिवाळी अंकांची चाल १९०९ पासूनची आहे, ड्रुपलच्या जरा आधीची. योजनेची वर्गणी भरायला पूर्वी रांग जिन्यापर्यंत यायची. यंदा रांग होती, पण जिन्यापर्यंत नव्हती. हे आकड्यात कसं लिहितात ते तुम्ही बघा.

कर्वेरस्ता

काका, हे आकड्यात लिहायचंच नाही. हे असंच लिहायचं, "काउंटरवरच्या लोकांनी सांगितलं" म्हणून. मी विकत घेईन हे वाक्य.

नोड_शून्य

शोधाच्या भागावर माझे प्रश्न. मसुद्यात "सर्च एपीआय आणि सोलर वापरून प्रगत शोधसुविधा" एवढंच आहे. सोलरमध्ये, म्हणजे शोध चालवणाऱ्या त्या इंजिनात, मराठीसाठी वेगळी सोय नाही, हिंदीची आहे. तीच लावलीत? ती ह्रस्व-दीर्घ एकच धरते, ऱ चा र करते, न दिसणारे जोडक (अक्षरं जोडायची चिन्हं) उडवते. म्हणजे "आचाऱ्याला" आणि "आचार्याला" एकच झालं. स्वयंपाकी शोधणाऱ्याला शंकराचार्य मिळतील.

तुळशीबागवाली

मिळतात! पण ते चालतं, असं आमचं मत. शोधाच्या खोक्यात लोक कसंही लिहितात. मोबाइलवर चष्मा न लावता टाइप करणारा माणूस पहिली-दुसरीचा विचार करत नाही. त्याला चार जास्त पुस्तकं दिसली तर तो नजरेने निवडतो, शून्य दिसली तर फोन उचलतो. म्हणून शोधासाठीची प्रत सैल, दाखवायची प्रत काटेकोर. मूळ नोंदीतलं एक अक्षरही आम्ही बदललेलं नाही.

हिंदीचा प्रत्यय छाटणारा भाग मात्र बंद केला. त्याला मराठी विभक्ती कळत नाही, भलतीकडेच कात्री चालवतो.

ॲ ने सगळ्यात छळलं. "ॲ" हे एक अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि "अ"वर चंद्र देऊनही. दिसायला दोन्ही सारखी, संगणकाला दोन वेगळी. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (दोन तऱ्हांनी लिहिलेलं एकसारखं करणं) त्यांना एक करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. कोणत्या कीबोर्डवरून काय येतं यावर सगळं अवलंबून. एकाच लेखकाची अर्धी पुस्तकं सापडतात, अर्धी नाहीत, आणि स्क्रीनवर बघून कारण कळत नाही.

आणि लेखकांची नावं! लोक "पुल" शोधतात, "पु.ल." शोधतात, "पु ल" शोधतात, पूर्ण नावाने कोणीच शोधत नाही. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच हे सोलरला कोण सांगणार? "गोनीदा" लिहिलं की दांडेकर यायला हवेत. म्हणून लेखक हा साधा मजकूर न ठेवता वर्गीकरणातली संज्ञा केली आणि प्रत्येकाला "या नावानेही ओळख" असा रकाना दिला. ती यादी ग्रंथपालबाईंनी तोंडपाठ सांगितली, आम्ही फक्त टाइप केली.

नोड_शून्य

झालं. "ड्रुपल का" याचं उत्तर तू आत्ता दिलंस आणि तुला पत्ता नाही. लेखक ही स्वतंत्र गोष्ट, तिला अनेक नावं, पुस्तक तिला जोडलेलं, आणि हे सगळं कोड न लिहिता ग्रंथपालबाई स्वतः वाढवू शकतात. २०१६ ला ड्रुपलकॉन आशिया हे ड्रुपलवाल्यांचं संमेलन आयआयटी मुंबईत झालं तेव्हापासून लोकांना हेच समजावतोय की ड्रुपलचं बळ मजकुराच्या रचनेत आहे, थीममध्ये नाही. "सुरक्षित, लवचीक" काढ आणि गोनीदांना घाल.

ह्रस्वदीर्घ

+१. आणि ग्रंथपालबाई आणि त्या दोन शिक्षिका श्रेयनामावलीत हव्यात. मसुद्यात "टीम" म्हणून फक्त कोड लिहिणारे आहेत.

तुळशीबागवाली

त्यांना विचारलं होतं, एक हो म्हणाल्या, दुसऱ्यांना नाव नकोय. "ग्रंथालय कर्मचारी आणि स्वयंसेवक" असं लिहून ज्यांची परवानगी आहे त्यांची नावं देते.

कार्यकारिणीचा एक आक्षेप आहे, त्यावर मत हवंय. शेवटी "जे झालं नाही" असा भाग लिहिलाय : रोमन लिपीत "kadambari" सारखं टाइप करून शोध अजून नीट चालत नाही, स्कॅन केलेल्या जुन्या अहवालांतला मजकूर शोधता येत नाही. ते म्हणतात, आपली उणीदुणी चारचौघांत कशाला.

खिळेजुळारी

ठेवाच. तेवढं वाचूनच कोणीतरी मदतीला येतं. नाव बदला हवं तर, "पुढचं काम" म्हणा. कार्यकारिण्यांना भविष्यकाळ आवडतो.

कर्वेरस्ता

प्रसिद्धीआधी दोन गोष्टी बघ. वर्गणीच्या पानाच्या चित्रात खऱ्या सभासदाचं नाव आणि मोबाइल दिसतोय. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा बाजूला ठेवला तरी हे बरं नाही. चाचणीचं खातं वापरून चित्र परत काढ, वरून काळी पट्टी मारू नकोस, लोक पट्ट्या काढतात.

दुसरं, व्हॉट्सॲपवर फिरवायची लिंक. तुमच्या पानांचे पत्ते देवनागरीत आहेत. ब्राउझरमध्ये छान दिसतात, पण कॉपी करून चिकटवले की एका अक्षरामागे नऊ चिन्हं, टक्के आणि आकड्यांची भलीमोठी माळ. लोकांना तो व्हायरस वाटतो.

तुळशीबागवाली

चित्र आत्ताच बदललं, धन्यवाद. पत्त्यांचं खरं आहे, पाथऑटोने (पत्ते आपोआप बनवणारं मॉड्यूल) रोमन पत्ते करून घेते आणि आधीच्यांवर रीडायरेक्ट लावते.

सगळ्यांचं ऐकून सुरुवात पुन्हा लिहिली :

"पुस्तक जागेवर आहे की बाहेर गेलंय हे कळायला आमच्या वाचनालयात फोन करावा लागे. यादी संगणकात होती, पण युनिकोडपूर्व फाँटात; ती छापता येई, शोधता येत नसे. ड्रुपल ७ चा सपोर्ट संपल्यावर साइट ड्रुपल ११ वर नेताना आम्ही आधी ही यादी सोडवली. इंग्रजी आणि मराठी नोंदी फाँटवरून कशा वेगळ्या केल्या, रूपांतर कुठे अडलं आणि एकाच लेखकाची अनेक नावं शोधात कशी बसवली, ते पुढे दिलं आहे."

ह्रस्वदीर्घ

आता वाचावंसं वाटतंय. "सोडवली" ठेव, बदलू नकोस.

पेठेतला_सभासद

उत्तम. फक्त वेळापत्रक पहिल्या पानावर वर घ्या, ते गृहस्थ परत आले होते.

नोड_शून्य

लेखकांच्या पर्यायी नावांची ती यादी वेगळी फाइल म्हणून सगळ्यांना देता येईल का? महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचनालयाला लागेल. केस स्टडीला जोडलीस तर तीच सगळ्यात जास्त उतरवून घेतली जाईल.

तुळशीबागवाली

द्यायची इच्छा आहे, पण यादी ग्रंथपालबाईंची, त्यामुळे त्यांना विचारल्याशिवाय नाही. वाचनालय उद्या बंद, परवा विचारून इथेच कळवते. वेळापत्रक वर घेतलंय, काका.